पाषाण रक्षिला, संघ वगळला : लेण्यांच्या शासकीय मान्यतेची चिकित्सा

राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके, स्थळे आणि वस्तू यांचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे भारतीय संविधानाचा अनुच्छेद ४९ सांगतो. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भूषविले, त्याच संविधानातील हे मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे बौद्ध जनतेला त्याविषयी विशेष आस्था वाटावी हे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात तर ही आस्था अधिकच असली पाहिजे. भारतातील कोरीव लेण्यांचा फार मोठा भाग सह्याद्रीच्या कुशीत आहे आणि त्यांतील प्राचीन लेणी बहुतांशी बौद्ध आहेत. भाजे, कार्ले, बेडसे, जुन्नर, नाशिक, कान्हेरी, पितळखोरे, कुडा, अजिंठा ही नावे उच्चारली तरी एका मोठ्या धम्मपरंपरेचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो.

या स्थळांना शासकीय मान्यता आहे, संरक्षण आहे, फलक आहेत आणि पहारेकरीही आहेत. मग बौद्धांनी आणखी काय मागावे, असा प्रश्न आम्हांस पुष्कळदा विचारला जातो. प्रश्न विचारणारे सर्वच जण द्वेषाने विचारतात असे नाही. अनेकांना तो मनापासून पडलेला असतो. म्हणून त्याचे उत्तर घोषणेने न देता विवेचनाने द्यावे, असे आम्ही ठरविले आहे. शासन ज्याला मान्यता देते ते नेमके काय असते, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात आम्ही तपासणार आहोत. कायद्याचे शब्द, खात्याचा व्यवहार आणि लेण्यांच्या भिंतींवरील लेख ही तीन साधने आमच्यापुढे आहेत.

ऋणनिर्देश

टीकेपूर्वी ऋण मान्य करणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे. शतकानुशतके ही लेणी बेवारस होती. कोठे गुरे बांधली जात, कोठे चुली पेटत, कोठे दगड काढून नेले जात. १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा झाला, त्याखाली पुढील काही वर्षांत मुंबई इलाख्यातील अनेक लेणी संरक्षित म्हणून घोषित झाली आणि हा ऱ्हास पुष्कळ अंशी थांबला. त्याआधीच जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे शिलालेख वाचून प्रसिद्ध केले होते. त्यांनी हे श्रम घेतले नसते तर या भिंती आमच्यासाठी आजही मुक्याच राहिल्या असत्या. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा केंद्रीय कायदा व १९५९ ची नियमावली आली, महाराष्ट्र राज्याने १९६० साली स्वतःचा कायदा केला. आज देशात साडेतीन हजारांहून अधिक स्मारके केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत आणि त्यांतील पावणेतीनशेहून अधिक एकट्या महाराष्ट्रात आहेत. या कामात ज्या अधिकाऱ्यांनी, अभ्यासकांनी आणि डोंगरावर उन्हापावसात उभ्या राहणाऱ्या सामान्य पहारेकऱ्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्याविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. आमचा आक्षेप त्यांच्या कामावर नसून त्या कामाच्या पायाशी असलेल्या कल्पनेवर आहे.

राजमान्यतेचा जुना अर्थ

शासकीय मान्यता ही इंग्रजांनी आणलेली गोष्ट आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. या लेण्यांना राजमान्यता त्यांच्या निर्मितीच्या काळापासूनच होती, आणि तिचे दस्तऐवज आजही जागेवर आहेत. नाशिकजवळच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेणे चातुर्दिश संघाला अर्पण करून तो थांबला नाही. त्याने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडता केवळ व्याज वापरावयाची ठेव, गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविली. त्यांतील २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक असे व्याज ठरले. म्हणजे वर्षाचे २४० कार्षापण झाले, आणि तेथे वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावेत अशी व्यवस्था झाली. हिशेब एका कवडीनेही चुकत नाही. हे सर्व निगमसभेत जाहीर करण्यात आले आणि फलकावर नोंदविण्यात आले, असेही लेख सांगतो.

तेथीलच तिसऱ्या लेण्यात सातवाहन नृपती गौतमीपुत्र सातकर्णी याचे दोन लेख आहेत. पहिला त्याच्या राज्यवर्ष १८ मधला आहे. गोवर्धनाचा अमात्य विण्हुपालित यास राजा आज्ञा देतो की, पूर्वी उषवदाताच्या उपभोगात असलेले २०० निवर्तने शेत तेकिरसी येथील प्रव्रजितांना द्यावे. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, त्याला कोणी हात लावू नये, तेथे मिठासाठी खणू नये अशा सवलतीही त्यास जोडलेल्या आहेत. दुसरा लेख राज्यवर्ष २४ मधला आहे, आणि आमच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. आधी दिलेले शेत कसले जात नाही, त्या गावात वस्ती राहिलेली नाही, असे राजाच्या आणि राजमातेच्या ध्यानात आले. म्हणून गोवर्धनाचा तत्कालीन अमात्य सामक यास आज्ञा झाली की, नगराच्या सीमेवरील राजकीय मालकीच्या जमिनीतून १०० निवर्तने या भिक्षूंना द्यावीत.

या लेखांचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. उषवदात आणि गौतमीपुत्र हे एकमेकांच्या शत्रुपक्षातले. राजसत्ता बदलली, पण संघाला दिलेली मान्यता बदलली नाही. ही मान्यता डोंगरातल्या खोलीपुरती नव्हती. त्या खोलीत राहणाऱ्या माणसांना, त्यांच्या चीवराला, त्यांच्या अन्नाला आणि त्यांच्या शांततेला ती होती. शिवाय आपली मान्यता निष्फळ ठरली हे कळताच राजसत्तेने ती दुरुस्त केली. दान कागदावर झाले एवढ्यावर ती समाधान मानून बसली नाही.

आधुनिक मान्यतेचा अर्थ

आता आधुनिक कायद्याकडे वळू. १९५८ चा कायदा वास्तू, अवशेष, लेणी, शिलालेख यांची गणना ‘स्मारका’त करतो. स्मारक म्हणजे ज्याची आठवण ठेवावयाची ते. आठवण सामान्यतः गेलेल्याची ठेवली जाते. हा केवळ शब्दच्छल नाही. जॉन मार्शल यांनी पुरातत्त्व खात्याचे महासंचालक असताना १९२३ साली जतनकार्याची नियमपुस्तिका सिद्ध केली. तीत अद्याप वापरात असलेली ‘जिवंत’ स्मारके आणि वापर थांबलेली स्मारके असा भेद केलेला आहे. तोच भेद निरनिराळ्या शब्दांत आजवर चालत आला आहे. स्मारक संरक्षित झाले त्या वेळी तेथे पूजा-अर्चा चालू असेल तर ती चालू राहते. त्या वेळी ती चालू नसेल तर नव्याने सुरू करता येत नाही. हा खात्याचा सर्वसाधारण दंडक आहे.

वरवर पाहता हा दंडक निःपक्षपाती आहे. तो कोणत्याही धर्माचे नाव घेत नाही. परंतु निःपक्षपाती नियम विषम इतिहासावर लावला की त्याचे फळ विषमच निघते. विसाव्या शतकाच्या आरंभी ही लेणी संरक्षित झाली तेव्हा महाराष्ट्रात त्यांत वंदना करणारा संघ कोठे होता? तो कित्येक शतकांपूर्वीच नाहीसा झाला होता. ज्यांचे पूर्वज कदाचित या लेण्यांच्या छायेत वाढले असतील, ती माणसे त्या काळी अस्पृश्य म्हणून गावकुसाबाहेर होती. त्यांना गावाच्या पाणवठ्यावर जाण्याचा अधिकार नव्हता, मग लेण्यावर हक्क सांगण्याचा प्रश्नच कोठे येतो? खात्याच्या अधिकाऱ्याने लेण्यात येऊन पाहिले, तेथे कोणी दिसले नाही, म्हणून त्याने ‘वापर नाही’ अशी नोंद केली. नोंद खोटी नव्हती. मात्र माणसे का नाहीत हे विचारण्याची तीत सोय नव्हती. अशा रीतीने बहिष्काराने निर्माण झालेले रितेपण कायद्याने कायमचे केले.

१९५९ च्या नियमावलीतील एक तरतूद येथे मुद्दाम पाहण्यासारखी आहे. संरक्षित स्मारकात परवानगीवाचून सभा, समारंभ, मेजवानी किंवा करमणुकीचा कार्यक्रम करता येत नाही. हे योग्यच आहे. पण मान्य अशा धार्मिक रूढीला अनुसरून होणाऱ्या मेळाव्यास हा निर्बंध लागू नाही, असे त्याच नियमात पुढे म्हटले आहे. सारा प्रश्न ‘मान्य’ या एका शब्दात येऊन थांबतो. रूढीला मान्यता कोणी द्यावयाची? कोणत्या पुराव्यावर द्यावयाची? खंड पडला तर रूढी मरते काय? आणि ज्यांनी तो खंड स्वेच्छेने पाडला नाही, त्यांच्याही बाबतीत मरते काय? याची उत्तरे नियमात नाहीत. उत्तर नसले की निर्णय स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर जातो. वैशाखी पौर्णिमेला शांतपणे त्रिशरण-पंचशील घेणाऱ्या कुटुंबाला कोणी अडविले नाही, तर ते सौजन्य ठरते, हक्क ठरत नाही. उलट चित्रीकरणासाठी रीतसर परवाना घेण्याची तरतूद मात्र नियमांत स्पष्ट आहे. चैत्यगृहात कॅमेरा कोणत्या अटींवर न्यावा हे कायद्याला ठाऊक आहे. चैत्यगृहात वंदना कोणत्या अटींवर करावी याविषयी तो मौन पाळतो.

शासनाच्या दोन वह्या

या मौनाची विसंगती शासनाच्याच दुसऱ्या नोंदींतून उघड होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या नगण्य होती. १९६१ च्या जनगणनेत ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्ध सुमारे ६५ लाख ३१ हजार आहेत. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या सवलती मान्य झाल्या. १९९३ साली केंद्र शासनाने बौद्धांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले.

म्हणजे शासनाच्या एका वहीत बौद्ध हा जिवंत समाज आहे. तो मोजला जातो, त्याला प्रमाणपत्र दिले जाते. त्याच शासनाच्या दुसऱ्या वहीत त्याच समाजाची श्रद्धास्थाने मृत आहेत. या दोन वह्या एकमेकींशी कधी ताडून पाहिल्याच गेल्या नाहीत. राष्ट्रध्वजावर धम्मचक्र आहे, राजमुद्रेवर सारनाथचा सिंहस्तंभशीर्ष आहे. राज्याने बुद्धाची प्रतीके स्वीकारली याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु प्रतीक स्वीकारणे आणि त्या प्रतीकामागील जिवंत समाजाशी बोलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

नावांचा प्रश्न

मान्यतेचा पहिला उच्चार नावात होतो. शिलालेख ज्या डोंगराला ‘तिरण्हु’ म्हणतात, म्हणजेच त्रिरश्मी म्हणतात, त्याला लोकव्यवहाराने ‘पांडवलेणी’ केले आणि शासकीय याद्यांनी व पर्यटन-पुस्तिकांनी तेच नाव पुढे चालविले. सोपाऱ्याचा स्तूप ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जात होता. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केले तेव्हा त्याच्या पोटात धातुकरंडक निघाला. लोकांनी आपल्या समजुतीप्रमाणे नावे ठेविली यात त्यांचा दोष नाही. ज्यांना ब्राह्मी लिपी वाचता येत नव्हती त्यांनी एवढे मोठे काम भीमार्जुनांचेच असणार असे मानले, तर ते कौतुकापोटी मानले. परंतु लेख वाचून झाल्यावरही, शे-सव्वाशे वर्षे उलटल्यावरही, शासनाने स्थळाचे स्वतःचे नाव फलकावर अग्रस्थानी न आणणे याचे समर्थन करता येत नाही.

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीवर सातव्या क्रमांकाचे लेणे मूळचे भिक्षूंचे विहार आहे. सभामंडपाभोवतीच्या भिक्षूंच्या खोल्या ते स्पष्ट सांगतात. आज ते गिरिजात्मज गणपतीचे स्थान म्हणून अष्टविनायकांत प्रसिद्ध आहे. त्याला लागूनच असलेल्या सहाव्या लेण्यात, चैत्यगृहात, कल्याणच्या सोनाराचा पुत्र सुलसदत्त याच्या दानाचा लेख आहे. हजारो भाविक एका दारातून आत जातात आणि शेजारच्या दाराकडे वळून पाहतही नाहीत. कार्ल्याला, म्हणजे शिलालेखांतील वलूरकाला, चैत्यगृहाच्या दर्शनी भागातच एकवीरा देवीचे मंदिर आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने जे शैलगृह जंबुद्वीपात सर्वश्रेष्ठ म्हणून अभिमानाने नोंदविले, ज्याच्या दारासाठी आणि खांबांसाठी धेनुकाकटाचा गंधविक्रेता, सुतार आणि यवन यांनी आपापली कमाई दिली, ते या मंदिरामागे आहे.

येथे आमची भूमिका निःसंदिग्ध असावी. एकवीरेला येणारा कोळी बांधव हा आमचा प्रतिपक्ष नाही. तो कष्टकरी आहे, श्रद्धाळू आहे, आणि जातिव्यवस्थेचे चटके त्यालाही बसलेले आहेत. गिरिजात्मजाच्या भक्तांशीही आमचे वैर नाही. कोणाचे चालू असलेले पूजास्थान हलवावे अशी मागणी आम्ही करीत नाही आणि करणारही नाही. वैराने वैर शमत नाही ही तथागतांची शिकवण आम्ही केवळ भिंतीवर लिहिण्यासाठी स्वीकारलेली नाही. आम्ही इतकेच दाखवीत आहोत की, एकाच डोंगरावर, एकाच कायद्याखाली, शेजारशेजारच्या दोन दारांपैकी एक ‘जिवंत’ ठरले आणि दुसरे ‘मृत’ ठरले. या निवाड्याचा आधार केवळ एक तारीख आहे.

दोन तुलना

या प्रश्नाला मार्गच नाही असे कोणी म्हणेल तर त्याने सांचीकडे पाहावे. १८५१ साली कनिंगहॅम आणि मेसी यांना सांचीच्या तिसऱ्या स्तूपात आणि परिसरातील सातधारा येथे सारिपुत्त व मोग्गल्लान या अग्रश्रावकांच्या अस्थी मिळाल्या. त्या इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या संग्रहालयात दीर्घकाळ राहिल्या. महाबोधी सोसायटीच्या प्रयत्नांनी त्या परत आल्या आणि १९५२ साली सांचीला नव्याने बांधलेल्या चेतियगिरी विहारात प्रतिष्ठापित झाल्या. दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात त्या दर्शनासाठी बाहेर काढल्या जातात. १९८९ साली सांची जागतिक वारसा झाली. स्तूपाच्या एकाही दगडाला धक्का लागला नाही, पुरातत्त्व खात्याचे अधिकार अबाधित राहिले, आणि उपासकांना आपले स्थानही मिळाले. जतन आणि वंदना यांचा मेळ घालता येतो, याचा हा शासनाच्याच हातचा पुरावा आहे.

उलट बोधगया. तेथे महाबोधी विहार जिवंत आहे हे कोणी नाकारीत नाही. जगभरातून उपासक येतात. २००२ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. परंतु १८९१ साली अनागारिक धम्मपाल यांनी जो लढा आरंभिला तो अद्याप संपलेला नाही. १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्याने व्यवस्थापन समितीत बौद्ध आणि हिंदू सदस्यांची संख्या समान ठेवली आणि अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे दिले. तो अधिकारी हिंदूच असला पाहिजे ही अट २०१३ साली दूर झाली, मात्र समितीची मूळ घडण तशीच राहिली. १९९२ पासून भदंत सुरई ससाई यांच्या नेतृत्वाखाली आंदोलने झाली, २०२५ साली पुन्हा उपोषण झाले. महाराष्ट्रातील लेण्यांत श्रद्धा अमान्य आहे. बोधगयेत श्रद्धा मान्य आहे, पण श्रद्धावंतांचा संपूर्ण अधिकार अमान्य आहे. दोन्हीकडे मान्यता अपुरी आहे आणि अपुरेपणाचे कारण एकच आहे : ज्यांचे स्थान त्यांना विचारण्याची पद्धत नाही.

ही पद्धत नसली की काय होते याचा अनुभव नागपुरात आला. दीक्षाभूमीच्या परिसरात भूमिगत वाहनतळाचे काम सुरू झाले. १ जुलै २०२४ रोजी लोकक्षोभ उसळला आणि शासनाला त्या कामास स्थगिती द्यावी लागली. दीक्षाभूमी कोणत्याही पुरातत्त्व कायद्यामुळे पवित्र झालेली नाही; ती लोकांनी पवित्र केली आहे. विकासाच्या हेतूने हाती घेतलेले कामदेखील लोकांना आधी विचारले नाही तर आघातासारखे वाटते, हा धडा त्या दिवसाने दिला.

आमचे आम्ही

दुसऱ्याची चिकित्सा करणाऱ्याने स्वतःची टाळू नये. संरक्षित लेण्यांत उदबत्त्या व मेणबत्त्या लावू नयेत, हा खात्याचा आग्रह सर्वथा बरोबर आहे. धूर आणि तेलकट काजळी यांनी दगडाचे आणि रंगचित्रांचे नुकसान होते. आमच्यातीलच काही उत्साही मंडळी शिल्पांना हार घालतात, कातळावर निळी अक्षरे रंगवितात, स्तूपाच्या हर्मिकेवर चढून छायाचित्रे काढतात. प्रेमापोटी केलेली हानी हीसुद्धा हानीच असते. वंदनेला दिव्याची गरज नाही. त्रिशरण आणि पंचशील म्हणण्यासाठी शुद्ध वाणी आणि शांत मन पुरे. चैत्य हे देवालय नव्हे, आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या उपासकाने तेथे नवस बोलण्यासाठी जावयाचे नसते. तथागतांनी आपल्या जीवनाशी संबंधित चार स्थळांना भेट द्यावी असे सांगितले ते संवेगासाठी, म्हणजे अनित्यतेची जाणीव जागी व्हावी यासाठी. लेण्यात जाणाऱ्याची दृष्टी हीच असली पाहिजे.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. आमच्या किती विहारांत ब्राह्मी लिपीचे वर्ग नियमितपणे चालतात? किती उपासकांना आपल्या जिल्ह्यातील लेण्यांतील दात्यांची नावे ठाऊक आहेत? सुलसदत्त, भूतपाल ही नावे आमच्या मुलांच्या कानांवर पडली आहेत काय? २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. ज्या मावळात कार्ले, भाजे आणि बेडसे यांसारखी लेणी आहेत त्याच परिसरात ही घटना घडली. हा योगायोग असो वा नसो, या दोन टोकांना जोडणारा अभ्यासाचा धागा विणणे हे आमचेच काम आहे. हक्क मागणाऱ्याकडे ज्ञान नसेल तर त्याचा हक्क केवळ आवाज ठरतो.

अपेक्षा

या विवेचनातून ज्या अपेक्षा निघतात त्या मोजक्या आहेत. पहिली, प्रत्येक बौद्ध लेण्याच्या फलकावर शिलालेखातील मूळ नाव प्रथम द्यावे, रूढ नाव त्याखाली द्यावे, आणि दात्यांच्या लेखांचा सुबोध मराठी आशय तेथे लावावा. दुसरी, ज्या वास्तूचा मूळ हेतू तिच्याच भिंतीवर कोरलेला आहे, तेथे त्या हेतूशी सुसंगत, दिव्याधुपाविना, ठरावीक दिवशी व ठरावीक संख्येत होणाऱ्या वंदनेस ‘मान्य रूढी’ समजावे. पूजास्थान असलेल्या स्मारकाचा उपयोग त्याच्या स्वरूपाशी विसंगत होऊ नये असे १९५८ च्या कायद्याचे कलम १६ सांगते. मग चैत्यगृहाच्या स्वरूपाशी वंदनेइतके सुसंगत दुसरे काय असू शकते? तिसरी, बौद्ध स्थळांविषयीचे निर्णय घेताना भिक्खुसंघ, अभ्यासक आणि स्थानिक उपासक यांच्याशी विचारविनिमय करण्याची कायम व्यवस्था असावी.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. असे दार एकदा उघडले की देशभर नाना पंथ जुन्या वास्तूंवर दावे सांगतील, असे म्हटले जाईल. हा धोका आम्ही हलका मानीत नाही. म्हणूनच आमच्या अपेक्षेत मालकी नाही, कोणाला बाहेर काढणे नाही, इतरांना प्रवेशबंदी नाही आणि एकही दगड हलविणे नाही. ज्या मागणीने दुसऱ्या कोणाचे काहीच कमी होत नाही, ती इतरांचे हिरावणाऱ्या दाव्यांसाठी उदाहरण म्हणून दाखविता येणार नाही. १९९१ च्या उपासनास्थळ कायद्यामागील शांततेचा हेतू आम्हांस पूर्णतः मान्य आहे आणि आमच्या अपेक्षेने त्याला बाध येत नाही.

शेवटी पुन्हा त्रिरश्मीच्या तिसऱ्या लेण्यात जाऊ. तेथल्या ओवरीत दोन राजाज्ञा आहेत आणि दोहोंत सहा वर्षांचे अंतर आहे. पहिली दान देते. दुसरी मान्य करते की ते दान उजाड गावात पडून राहिले, त्याचा भिक्षूंना उपयोग झाला नाही, म्हणून आता दुसरी जमीन द्यावी. राजाने आपली चूक दगडावर कोरून घेतली आणि त्यामुळे त्याची प्रतिष्ठा उणावली नाही. आजचे शासन लोकांचे आहे. त्याने जतनाची पहिली आज्ञा फार पूर्वीच दिली आणि ती प्रामाणिकपणे पाळलीही. पण ज्या वस्तीत ती दिली ती त्या वेळी उजाड होती. १९५६ नंतर तेथे माणसे परतली आहेत. दुसरी आज्ञा अजून निघावयाची आहे. गोवर्धनाच्या अमात्य सामकाला जे काम सोपविले गेले होते, तेच आजच्या कोणा अधिकाऱ्याच्या मेजावर वाट पाहत आहे. त्याने त्या ओवरीत जाऊन तो लेख एकदा स्वतः वाचावा आणि त्याच्या शेजारी उभे राहून अर्थ सांगू शकेल असा उपासक आमच्यातून तयार व्हावा, एवढीच आमची मंगल कामना आहे.